लेह ते पोर्ट ब्लेअर : दोन टोकांच्या विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

माझ्या आत्येभावाची लष्करातील बदली लेहहून पोर्ट ब्लेअरला झाली, तेव्हा आत्या महिनाभर त्याच्याकडे लेहलाच राहायला गेलेली होती. परत येण्याऐवजी तीही त्याच्याबरोबर अंदमानला जायला निघाली. कोणत्या तरी संकेतस्थळावर त्याने दोन विमानतळांची नावे टाकून पाहिली, तेव्हा पडद्यावर ‘अंतर २,९३७ किलोमीटर, विमानप्रवासाचा वेळ ४ तास’ असे उत्तर आले. या आकड्याच्या भरवशावर त्याने लेह–दिल्ली आणि दिल्ली–पोर्ट ब्लेअर अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली आणि मध्ये जेमतेम पावणेदोन तास ठेवले. ठरलेल्या दिवशी सकाळी लेहवर ढग उतरले, पहिले विमान रद्द झाले आणि दुसरे तिकीट वाया गेले. जर्दाळूची पिशवी मांडीवर घेऊन, ट्रंकेवर बसूनच आत्याने मला फोन केला आणि विचारले, ‘‘अरे, चार तासांचाच रस्ता आहे ना?’’

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. संकेतस्थळाने दिलेला आकडा चुकीचा नव्हता, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता तो प्रश्न आत्याचा नव्हता. दोन बिंदूंमधील अंतर, विमान प्रत्यक्ष कापते ते अंतर, हवेत जाणारा वेळ आणि घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई–दिल्लीसारख्या वर्दळीच्या मार्गावर त्यांच्यातला फरक फारसा जाणवत नाही. दोन्ही टोके दुर्गम असली की मात्र तोच फरक तासांवरून दिवसांवर जातो. पुढे दिलेली रीत कोणत्याही दोन विमानतळांना लावता येते. उदाहरण मात्र मी शेवटपर्यंत लेह आणि पोर्ट ब्लेअरचेच घेतले आहे.

पहिली पायरी : विमानतळ नक्की करा

अंतर शहरांमधले काढायचे नसून विमानतळांमधले काढायचे असते, म्हणून सुरुवात विमानतळाच्या पूर्ण नावापासून आणि तीन अक्षरी संकेतापासून करावी. लेहच्या विमानतळाचे नाव कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ असे असून त्याचा संकेत आयएक्सएल आहे. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ वीर सावरकरांच्या नावाने ओळखला जातो आणि त्याचा संकेत आयएक्सझेड आहे. हे नाव २००२ साली देण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये शहराचे नाव श्री विजयपुरम असे करण्यात आले असले, तरी लोकांच्या बोलण्यात अजून पोर्ट ब्लेअर हेच नाव आहे. शोधताना दोन्ही नावे टाकून पाहावीत.

‘आयएक्स’ने सुरू होणारे संकेत भारतात पुष्कळ आहेत आणि केवळ शेवटच्या अक्षराने ते वेगळे होतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरचा संकेत आयएक्सयू आहे, तर बेळगावचा आयएक्सजी. घाईत एक अक्षर चुकले तर आकडेमोड बिनचूक होऊनही उत्तर भलत्याच गावाचे येते, म्हणून संकेत मोठ्याने वाचून खात्री करण्याची सवय मी लावून घेतली आहे.

दुसरी पायरी : अक्षांश-रेखांश एकाच मापात आणा

लेह विमानतळ ३४ अंश ८ मिनिटे ९ सेकंद उत्तर आणि ७७ अंश ३२ मिनिटे ४७ सेकंद पूर्व येथे आहे. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ ११ अंश ३८ मिनिटे २८ सेकंद उत्तर आणि ९२ अंश ४३ मिनिटे ४७ सेकंद पूर्व येथे आहे. आकडेमोडीसाठी हे दशांशात आणावे लागतात. त्यासाठी मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून ते अंशांत मिळवावेत. लेहचे अक्षांश-रेखांश ३४.१३५८ व ७७.५४६४ होतात, पोर्ट ब्लेअरचे ११.६४११ व ९२.७२९७.

येथे सर्वाधिक घडणारी चूक अशी की ३४ अंश ८ मिनिटे हे सरळ ३४.०८ असे लिहिले जाते. तेवढ्यानेच लेह सुमारे सहा किलोमीटर दक्षिणेला सरकते. दक्षिण गोलार्धातील किंवा ग्रिनिचच्या पश्चिमेकडील विमानतळ असेल तर आकड्यापुढे ऋण चिन्ह द्यावे लागते. आपल्या उदाहरणात दोन्ही ठिकाणे उत्तर व पूर्व असल्याने तो प्रश्न येत नाही.

तिसरी पायरी : गोलावरचे अंतर काढा

शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने अंशांतील फरकांचा कर्ण काढून त्याला १११ किलोमीटरने गुणले, तर उत्तर ३,०१० किलोमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे खऱ्या अंतरापेक्षा सुमारे ७५ किलोमीटर जास्त येते. याचे कारण असे की रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर जेवढा रुंद असतो तेवढा लेहच्या अक्षांशावर नसतो. उत्तरेकडे जावे तशा रेखांशरेषा एकमेकींकडे सरकतात. म्हणून पृथ्वी गोल मानून काढलेले, म्हणजे बृहद्वृत्तावरचे अंतर घ्यावे लागते. त्यासाठी हॅवरसाइन नावाचे सूत्र सर्वांत सोयीचे आहे. साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट असली की दहा मिनिटांत ते सोडवता येते.

अक्षांशांतील फरक २२.४९४७ अंश आणि रेखांशांतील फरक १५.१८३३ अंश आहे. दोन्हींचे अर्धे करावेत : ११.२४७४ आणि ७.५९१७. त्यांचे साइन अनुक्रमे ०.१९५०४ व ०.१३२११ येतात आणि त्या साइनचे वर्ग ०.०३८०४ व ०.०१७४५. आता दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांचे कोसाइन घ्यावेत, जे लेहसाठी ०.८२७७१ आणि पोर्ट ब्लेअरसाठी ०.९७९४३ आहेत. या दोहोंचा गुणाकार ०.८१०६८ होतो. त्याला रेखांशाच्या वर्गाने, म्हणजे ०.०१७४५ ने गुणल्यास ०.०१४१५ मिळतात. यात अक्षांशाचा वर्ग ०.०३८०४ मिळवला की बेरीज ०.०५२१९ होते. तिचे वर्गमूळ ०.२२८४५. या संख्येचा व्यस्त साइन रेडियनमध्ये ०.२३०४९ येतो आणि त्याची दुप्पट ०.४६०९८ होते. पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ किलोमीटरने तिला गुणले की उत्तर मिळते : सुमारे २,९३७ किलोमीटर.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. तेथे साइन-कोसाइनला अंश कळत नाहीत, रेडियनच द्यावे लागतात. अंशांना पाय (π) या संख्येने गुणून १८० ने भागले की रेडियन मिळतात. हे न केल्यास उत्तर येते, पण ते निरर्थक असते, आणि आकडा दिसायला शहाणा असला तर चूक लक्षातही येत नाही.

त्यासाठी मी पडताळणीची एक घरगुती रीत नेहमी वापरतो. घरात मुलांचा ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर लेह आणि पोर्ट ब्लेअर यांच्यामध्ये शिवणकामाचा दोरा ताणून धरावा, दोन्ही ठिकाणी नखाने खूण करावी आणि दोरा मोजपट्टीवर ठेवावा. एवढ्या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ साडेबेचाळीस किलोमीटर होतात. दोरा ६९ मिलिमीटरच्या आसपास भरला तर आकडेमोड बरोबर आहे असे समजावे. दोऱ्याने शे-दोनशे किलोमीटरची चूक राहील, पण अंश-रेडियनची किंवा चिन्हाची गफलत तो लपू देत नाही. शिवाय दोरा नेमका कोणत्या प्रदेशांवरून जातो हे डोळ्यांना दिसते, आणि पुढच्या पायरीसाठी तेच महत्त्वाचे आहे.

अचूकतेबद्दल थोडे सांगतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर तर ध्रुवीय ६,३५७ किलोमीटर. हा चपटेपणा धरला तर आपल्या मार्गाचे अंतर सुमारे २,९३० किलोमीटर, म्हणजे सातेक किलोमीटर कमी भरते. उलट विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, त्यामुळे तेथील कंस सुमारे पाच किलोमीटरने लांब असतो. दोन्ही दुरुस्त्या जवळजवळ एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून प्रवासाच्या हिशेबासाठी २,९३७ हाच आकडा ठेवावा. वैमानिकी कामात हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असल्याने आपला आकडा सुमारे १,५८६ सागरी मैल होतो. साध्या मैलांत तो १,८२५ च्या घरात जातो. संकेतस्थळांवर ‘मैल’ एवढेच लिहिलेले असेल तर तो कोणता मैल आहे हे आधी पाहून घ्यावे.

चौथी पायरी : सरळ रेषा कशावरून जाते ते पाहा

लेहहून ही रेषा सुमारे १४५ अंशांच्या दिशेने, म्हणजे आग्नेयेकडे निघते. पहिल्या तीनशे किलोमीटरांतच ती तिबेटवर शिरते. पुढे ती पश्चिम नेपाळ ओलांडून गोरखपूरजवळ पुन्हा भारतात उतरते. तिचा मध्यबिंदू रांचीच्या आग्नेयेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर येतो. ओडिशात बालेश्वरच्या बाजूने ती किनारा सोडते आणि उरलेले जवळजवळ साडेबाराशे किलोमीटर बंगालच्या उपसागरावरून जाते.

मला स्वतःला या सगळ्या हिशेबात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण २,९३७ किलोमीटरचा मार्ग आपले कोणतेही प्रवासी विमान का घेणार नाही हे येथे उघड होते. त्यात परक्या देशाची हद्द आहे आणि हिमालयाची सर्वांत उंच रांग आडवी पडते. लेहहून निघालेले विमान दक्षिणेकडे, हिमाचलवरून दिल्लीकडेच उतरते. संगणकाने काढलेली रेषा गणिताच्या दृष्टीने निर्दोष असते, पण तिला सीमा दिसत नाहीत आणि डोंगरही दिसत नाहीत. अंतराच्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी ती रेषा नकाशावर एकदा बोटाने फिरवून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

पाचवी पायरी : खरे टप्पे मांडा

आता त्याच सूत्राने प्रत्येक टप्प्याचे अंतर वेगळे काढावे. लेह ते दिल्ली ६२२ किलोमीटर आहे. दिल्लीहून पोर्ट ब्लेअर सरळ गाठले तर २,४८४ किलोमीटर, म्हणजे दोन टप्प्यांची बेरीज ३,१०६ होते. दिल्लीहून कोलकाता १,३१२ आणि कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर १,३०६ असे तीन टप्प्यांनी गेल्यास एकूण ३,२४० किलोमीटर होतात. चेन्नईमार्गे गेल्यास दिल्ली–चेन्नई १,७५९ आणि चेन्नई–पोर्ट ब्लेअर १,३७२ धरून बेरीज ३,७५३ वर जाते.

आदर्श रेषेच्या तुलनेत दिल्लीहून सरळ जाणारा मार्ग जेमतेम सहा टक्क्यांनी लांब आहे, कोलकात्याचा दहा टक्क्यांनी आणि चेन्नईचा जवळजवळ अठ्ठावीस टक्क्यांनी. तरीही तिकीट काढताना अंतराला मी शेवटचे स्थान देतो. चेन्नईहून सोयीच्या वेळेला विमान मिळत असेल आणि दिल्लीत रात्र काढण्याची वेळ टळत असेल, तर सहाशे किलोमीटरचा वळसा काही वाईट नाही. तो हवेत पाऊण तासाचाच फरक पाडतो.

प्रत्यक्ष उड्डाणात प्रत्येक टप्प्याला आणखी थोडे अंतर चिकटते. विमानांना ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते, धावपट्टीच्या दिशेनुसार वळावे लागते, कधी रांगेत घिरट्या घालाव्या लागतात. मी प्रत्येक टप्प्यावर पाच टक्के वाढ धरतो आणि त्याहून बारीक हिशेबात पडत नाही.

सहावी पायरी : अंतराचा वेळ करा

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीचे विमान वरच्या उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर, म्हणजे साधारण ४५० नॉट (तासाला ४५० सागरी मैल) वेगाने जाते. पण अंतराला नुसते ८३० ने भागले तर वेळ नेहमीच कमी येतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, चढणे, उतरणे आणि फाटकाशी लागणे यांत जो वेळ जातो त्यासाठी भागाकारात ३० मिनिटे मिळवावीत. विमान फाटकापासून हलते तेव्हापासून दुसऱ्या फाटकाशी थांबेपर्यंतच्या या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि वेळापत्रकात छापलेला असतो तो हाच.

पाच टक्क्यांची वाढ बाजूला ठेवली तर या रीतीने लेह–दिल्ली ४५ मिनिटे अधिक ३०, म्हणजे सव्वा तास येतो. दिल्ली–पोर्ट ब्लेअर तीन तास अधिक अर्धा, म्हणजे साडेतीन तास. दिल्ली–कोलकाता आणि कोलकाता–पोर्ट ब्लेअर हे दोन्ही टप्पे जवळजवळ सारखेच, प्रत्येकी दोन तास पाच मिनिटांचे. वेळापत्रकातील आकडे यापेक्षा पाच-पंधरा मिनिटांनी जास्त दिसतील, कारण विमान कंपन्या उशिराची थोडी तरतूद आधीच करून ठेवतात. लेह–पोर्ट ब्लेअरच्या काल्पनिक सरळ उड्डाणाला हीच रीत लावली तर तीन तास ३२ मिनिटे अधिक ३०, म्हणजे चार तास येतात. आत्येभावाने पाहिलेले चार तास असे आले होते.

यात वाऱ्याचा हिशेब आलेला नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. समजा, त्याचा विमानाच्या दिशेतील जोर ताशी १०० किलोमीटर आहे. दिल्लीहून कोलकात्याला जाताना विमानाचा जमिनीवरील वेग ९३० होतो आणि १,३१२ किलोमीटरना ८५ मिनिटे लागतात. परत येताना वेग ७३० वर येतो आणि त्याच अंतराला १०८ मिनिटे लागतात. तेच अंतर, तेच विमान, आणि तरी २३ मिनिटांचा फरक. म्हणून डिसेंबर-जानेवारीत अंदमानहून परतताना दिल्लीत पुढचे विमान धरायचे असेल तर जातानाचा वेळ परतीसाठी गृहीत धरू नये. पावसाळ्यात हा पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि द्वीपकल्पावर उंचावर पूर्वेकडचे वारे येतात, त्यामुळे फरकाची दिशाही बदलते.

सातवी पायरी : दोन्ही टोकांच्या अडचणी जमेस धरा

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या दोन-तृतीयांश एवढाच असतो. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, त्यामुळे विमानाला धावपट्टी सोडण्यासाठी जास्त वेग आणि जास्त लांबी लागते. दिवस चढतो तशी हवा तापून आणखी विरळ होते आणि दुपारनंतर खोऱ्यात वारे उठतात. म्हणून लेहची प्रवासी उड्डाणे मुख्यतः सकाळीच होतात आणि कधी कधी वजन कमी ठेवण्यासाठी सामान मागे राहते. सकाळची ही खिडकी ढगांमुळे किंवा हिमवर्षावामुळे हुकली की विमान दोन तास उशिरा निघेल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो. बहुधा दुसऱ्या दिवसाचीच वाट पाहावी लागते. इतर ठिकाणचा उशीर तासांत मोजावा, लेहचा दिवसांत.

पोर्ट ब्लेअरची अडचण निराळी आहे. नकाशावर पाहिले तर हा विमानतळ कोलकात्यापेक्षा यांगूनला जवळ आहे. यांगून सुमारे ६९० किलोमीटरवर आहे आणि थायलंडमधील फुकेत सव्वासातशेच्या आसपास, तर आपल्या मुख्य भूमीवरचे कोलकाता तेराशे किलोमीटर दूर. त्यामुळे हवामान बिघडले की उतरण्यासाठी शेजारचे दुसरे गाव नाही. पुरेसे जास्तीचे इंधन घेऊनच विमान निघते आणि प्रसंगी आले तसे मुख्य भूमीवर परत जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सर्वांत आधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात, अंदमानातच पोहोचतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उपसागरात चक्रीवादळे होतात. या दिवसांत जाणाऱ्यांनी परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवावा.

मधल्या दिल्लीचाही विचार करावा लागतो. तेथे एकाहून अधिक टर्मिनले आहेत आणि टर्मिनल एक व तीन यांच्यामध्ये रस्त्याने जावे लागते. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही सहसा शेवटच्या गावापर्यंत जाते. तिकिटे वेगळी असतील तर सामान घ्या, बाहेर पडा, टर्मिनल बदला, पुन्हा तपासणी करा, हे सगळे आपल्याच डोक्यावर. एका पीएनआरला मी किमान दोन तास आणि वेगळ्या तिकिटांना किमान चार तास ठेवतो. पहिला टप्पा लेहचा असेल तर वेगळ्या तिकिटांना चार तासही पुरेसे मानत नाही. मध्ये एक रात्र घालतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचीही भर पडते.

आठवी पायरी : घड्याळ आणि सूर्य

संपूर्ण भारताचे घड्याळ एकच असल्याने वेळ पुढे-मागे करण्याची गरज नाही. पण लेह आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांत १५ अंशांहून किंचित जास्त फरक आहे आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. त्यामुळे पोर्ट ब्लेअरला सूर्य लेहपेक्षा तासभर आधी डोक्यावर येतो. डिसेंबरात तेथे संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. दुपारी तीनला उतरलो तर अजून बराच दिवस हाताशी आहे, असे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात सामान हाती येऊन बाहेर पडेपर्यंत उन्हे कललेली असतात. उतरल्या दिवशीच स्वराज द्वीपची, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकची, बोट धरण्याचा बेत या एका कारणाने फसतो.

नववी पायरी : सगळे एका कागदावर

उदाहरणादाखल आत्यासाठी मी दुसऱ्यांदा केलेला हिशेब देतो. पहिल्या दिवशी सकाळी सहाला लेह विमानतळावर, आठला उड्डाण, साडेनऊपर्यंत दिल्ली. तो दिवस आणि रात्र दिल्लीत, विमानतळाजवळ मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला विमानतळावर, साडेसहाला उड्डाण, दहाला पोर्ट ब्लेअर. पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या उतरण्यापर्यंत घड्याळी २६ तास, त्यांपैकी विमानात जेमतेम पाच. लेहचे विमान पहिल्या दिवशी सकाळी रद्द झाले असते, तर त्याच दिवशीच्या नंतरच्या विमानाचा किंवा रस्त्याने मनालीकडे उतरण्याचा पर्याय दिल्लीचे दुसऱ्या सकाळचे विमान वाचवू शकला नसता, म्हणून दुसरे तिकीट तारीख बदलता येईल असेच घेतले. त्याला थोडे जास्त पैसे पडले.

वेळा पाहताना वेळापत्रकाचा हंगाम तपासावा. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. त्या तारखांच्या अलीकडे काढलेले तिकीट पलीकडच्या प्रवासाचे असेल तर वेळ बदलण्याची शक्यता बरीच असते, म्हणून प्रवासाच्या दोन आठवडे आधी आणि पुन्हा दोन दिवस आधी वेळा ताडून घ्याव्यात.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी

पोर्ट ब्लेअरहून लेहला जाणाऱ्यांच्या हिशेबात अंतर तेच राहते, पण वेळ पूर्ण बदलतो, कारण येथे शरीराला लागणारा वेळही धरावा लागतो. समुद्रसपाटीवरून थेट ३,२५६ मीटरवर उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीत घालवावेत. डोकेदुखी, मळमळ, धाप अशी लक्षणे वाढत गेली तर अंगावर काढू नयेत. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. हे दोन दिवस प्रवासाच्याच वेळेत मोजावेत, सहलीच्या नव्हे.

अंदमानात स्कूबा डायव्हिंग केलेल्यांसाठी आणखी एक नियम आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. पाण्याखाली दाबाखालच्या हवेत श्वास घेताना रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो; त्याआधी कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शनानुसार एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. हे तास ज्या प्रवासासाठी सांगितले आहेत त्यात विमानातील हवेचा दाब फार तर २,४०० मीटर उंचीएवढा उतरतो. लेह त्याहून आठशे मीटर उंच आहे, त्यामुळे तेथे विमानाचा दरवाजा उघडतो तेव्हा प्रवासी विमानातल्यापेक्षाही विरळ हवेत पाऊल टाकतो. म्हणून हे १२ किंवा १८ तास लेहसाठी पुरेसे मानू नयेत. डायव्हिंगच्या प्रशिक्षकाला पुढचा मुक्काम लेह आहे हे स्पष्ट सांगून शेवटची बुडी आणि लेहचे विमान यांच्यामध्ये दिल्लीत किंवा कोलकात्यात एक-दोन दिवस घालावेत.

आत्याने पाण्यात उतरण्याचा प्रश्न नव्हता. आत्येभावाला मात्र पुढच्या वर्षी सुट्टीत मित्रांना भेटायला लेहला जायचे आहे, आणि त्याच्या कागदावर मी शेवटच्या बुडीची तारीख लाल शाईने लिहून दिली आहे.